फोटो बुधवारचा होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत कोकणातल्या जुन्या चर्चेसवर लेख आला, त्यात आमच्या चर्चचा फोटो होता. जांभ्याच्या भिंतीवर शेवाळ, दाराला कुलूप, पायरीवर कुत्रं झोपलेलं, आणि खाली ओळ होती, दोनशे वर्षांचा फसलेला प्रयोग. फोटो छानच आलाय हो, त्याबद्दल तक्रार नाही, कुत्रंही आमचंच आहे. पण ती खालची ओळ मनातून जाईना, म्हणून हे पत्र. मी रिटायर्ड प्राथमिक शिक्षिका, दापोली तालुक्यातल्या एका छोट्या गावात राहते, मोबाईलवर टाइप करतेय तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या, आयुष्यभर मी मुलांच्या वह्यांवर लाल पेन फिरवला आता तुमची पाळी.

लेखातली माहिती खोटी नाहीये, हे आधीच कबूल करते. रविवारी आम्ही अकरा जण असतो. पावसाळ्यात सहा, कधी चार. पूर्वी बाक कमी पडायचे आता बाकांना वाळवी लागू नये म्हणून मीच दर महिन्याला रॉकेल फिरवायचे, हल्ली रॉकेलही मिळत नाही. पण मंडळी कमी का झाली ते लेखात कुठेच नाही. अहो आमची माणसं गेली ती जिथे सगळं कोकण गेलं तिथेच गेली, परळ-लालबाग, मग डोंबिवली-विरार, आता पनवेल. आमच्या शेजारच्या वाडीत बावीस घरं, त्यातली चौदा गणपती आणि शिमग्यालाच उघडतात, एरवी कुलूप. त्या कुलपांचा फोटो काढून कुणी खाली ‘फसलेला प्रयोग’ असं लिहीत नाही.

आणि मला खरं म्हणजे तुमच्याशी भांडायचंच नाहीये, भांडण माझं घरातच झालंय. लेखाचा फोटो माझ्या भाच्याने (भावाचा मुलगा, नवी मुंबईत असतो) व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि खाली लिहिलं, आत्या, हे बाहेरचे लोक बोलतात त्यात तथ्य आहे बघ. तो तिकडे मोठ्या हॉलमधल्या चर्चला जातो, स्क्रीन, गिटार, पार्किंगला माणसं, रविवारी तीन वेळा उपासना. चांगली मुलं आहेत, मला नावं ठेवायची नाहीत. पण त्याचं म्हणणं असं की जिथे देव काम करतो तिथे ग्रोथ दिसतेच, दिसत नसेल तर काहीतरी गडबड आहे, प्रार्थना कमी, विश्वास कमी, नाहीतर मंडळीत कुठेतरी लपलेलं पाप. म्हणजे तुमचा लेखक आणि माझा भाचा, एकाचा देवावर विश्वास नाही आणि दुसऱ्याचा भरपूर आहे, पण दोघांच्या हातातली फूटपट्टी एकच. याची मला गंमत वाटली आणि मग रात्रभर झोप नाही आली.

दोनशे वर्षांचा हिशेब काढलाच आहे तर सुरुवातीपासून काढूया. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा डोनाल्ड मिचेल इथे बाणकोटला आला, बाणकोटला तेव्हा इंग्रज फोर्ट व्हिक्टोरिया म्हणायचे. आधी कंपनीच्या फौजेत होता, ती नोकरी सोडून मिशनरी झाला. जानेवारीत मुंबईत उतरला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात वारला. वर्षसुद्धा नाही. म्हणजे भाषा धड कानावर बसायच्या आधीच माणूस गेला, याला यश म्हणायचं की अपयश ते तुम्हीच ठरवा, मला दोन्ही शब्द तोकडे वाटतात. त्याच्या पाठोपाठ जे आले त्यांनी बाणकोट-हर्णैच्या बाजूला शाळा काढल्या, मुलं शिकायला यायची, शिकायची आणि घरी जायची, ख्रिस्ती व्हायला जवळजवळ कुणी नाही. १८२९ मधे जॉन विल्सन आपल्या बायकोबरोबर मराठी शिकायला हर्णैला येऊन राहिले, तेच विल्सन ज्यांच्या नावाचं मुंबईत चौपाटीवर कॉलेज आहे. पुढे मिशनने इथला मुक्काम हलवला आणि पुण्या-मुंबईवर जोर दिला. हर्णैला आज मासळीच्या लिलावाला पर्यटक येतात, सुवर्णदुर्ग बघतात, विल्सनबाई आणि विल्सनसाहेब इथे बसून बाराखडी घोटत होते हे कुणाच्या गावीही नसतं.

विल्सनसाहेबांचा मुंबईतला एक किस्सा भाच्याला मुद्दाम सांगितला. १८३९ ला त्यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. दहा वर्षांच्या खटपटीनंतर ग्रोथ! आणि त्याचा परिणाम काय, तर शहरात गदारोळ, कोर्टकचेरी आणि शाळेतली बहुतेक मुलं पालकांनी काढून घेतली. आता त्या वर्षाचा रिपोर्ट लिहायचा तर वरच्या रकान्यात लिहायचं की खालच्या? पालकांचीही बाजू होती बरं का, आपला मुलगा असा हातातून जातोय म्हटल्यावर कुठल्याही आईबापाचा जीव खालीवर होणारच, मी शिक्षिका होते मला ते समजतं.

मग तो म्हणाला की हे सगळे परदेशी, त्यांना इथलं काही कळत नव्हतं म्हणून झालं नाही. ठीक आहे, मग आपल्या माणसाचं बघू. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, करजगाव, आमच्याच दापोली तालुक्यातलं. बाप्तिस्मा १८९५. त्यानंतर बायको पाच वर्षं त्यांच्यापासून लांब होती, लक्ष्मीबाईंनी स्वतःच ते सगळं लिहून ठेवलंय. १९१७ मधे मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला, कल्पना केवढी मोठी, की बाप्तिस्मा घेतलेले न घेतलेले सगळे ख्रिस्ताचे भक्त एकत्र, परदेशी पैशाशिवाय, आपल्या भाषेत आपल्या पद्धतीने. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. दोन वर्षं. त्यांच्यामागे दरबार काही फार टिकला नाही. ख्रिस्तायन हे महाकाव्य हातात घेतलं होतं, दहा-अकरा अध्याय झाले आणि माणूस संपला. पुढचं सगळं लक्ष्मीबाईंनी लिहिलं, ज्या बाईला शाळा म्हणून माहीत नव्हती, आणि शेवट मुलाने केला. आम्ही अकरा जण रविवारी जी गाणी म्हणतो त्यातली निम्मी टिळकांची असतात. सूर लागत नाही तो भाग वेगळा, पेटीचा भाता फाटलाय.

इथे मला थांबून एक सांगायचंय, कारण इथेच मी स्वतः घसरले होते. भाच्याला मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं, बघ, इथे मिशनला ख्रिस्ती नसतील मिळाले पण दापोलीत नंतर एस.पी.जी. मिशनची (इंग्लंडच्या चर्चची मिशन संस्था) जी शाळा होती तिथे पांडुरंग वामन काणे शिकले, ज्यांना १९६३ ला भारतरत्न मिळालं, पालगडचे साने गुरुजी पण दापोलीच्या मिशन शाळेतलेच. म्हणजे फळ आलंच की! पाठवून टाकलं. आणि मग पाणी तापवताना लक्षात आलं की अरे मी पण तेच केलं. तीच फूटपट्टी, फक्त जरा लांब केली. आणि गंमत बघा, काण्यांनी आयुष्यभर बसून लिहिला तो धर्मशास्त्राचा इतिहास, मनुस्मृतीपासून व्रतवैकल्यांपर्यंत! मिशनच्या शाळेचं हे फळ लंडनच्या कमिटीने कुठल्या टोपलीत ठेवलं असतं कोण जाणे. मला तर ते फार आवडतं. पण समजा काणे तिथे शिकलेच नसते, साने गुरुजी दुसऱ्या गावी गेले असते, त्या बाकांवरून फक्त कारकून आणि पोस्टमन निघाले असते, तर त्या मास्तरांनी शिकवलेलं वाया गेलं असं म्हणायचं का? मी छत्तीस वर्षं शिकवलं, माझा एकही विद्यार्थी कलेक्टर झाला नाही. एक आहे तो एसटीत ड्रायव्हर आहे, मला बघून गाडी थांबवतो, थांबा नसला तरी. पण तो थांबवतो म्हणून मी बरी शिक्षिका, असंही नाही ना.

हेच बोलायला अवघड जातं. कारण आपल्याला उशिरा का होईना पण बक्षीस हवं असतं. पेपरात पण तशाच गोष्टी छापून येतात, अमुक माणसाला वीस वर्षं कुणी विचारलं नाही आणि मग एक दिवस. विल्यम केरी या इंग्रज मिशनरीचं तर चर्चमधे इतक्यांदा सांगतात, १७९३ ला बंगालात आला, पहिला बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरात, कृष्ण पाल नावाचा सुतार, सात वर्षं वाट बघितली. (आपल्या मराठीवर पण त्याचे उपकार आहेत, १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं, वैजनाथ नावाच्या पंडितांची मदत घेऊन.) सात वर्षं ऐकून सगळे मान डोलावतात कारण आठव्या वर्षाचं माहीत असतं. पण त्याच सात वर्षांत त्याचा पाच वर्षांचा मुलगा आजाराने गेला आणि बायकोचं, डोरोथीचं, मन कायमचं बिघडलं, पुढे मरेपर्यंत ती सावरली नाही. तिला यायचंच नव्हतं हिंदुस्थानात. तिच्या आठव्या वर्षाचं काय? प्रवचनात हे कुणी सांगत नाही, मी सांगितलं एकदा महिला मंडळात तर दोघी-तिघी नाराज झाल्या.

शास्त्र उघडून बघितलं तर तिथे रिझल्टची यादी फार नाहीये. यिर्मया संदेष्टा यरुशलेमेत चाळीसेक वर्षं बोलत राहिला, कुणी ऐकलं नाही. त्याची गुंडाळी त्याचा लेखनिक बारूख याने लिहून काढली, ती राजाने शेगडीसमोर बसून तीन-चार रकाने वाचून झाले की चाकूने कापून जाळत नेली. यिर्मयाने काय केलं, पुन्हा सांगितली आणि बारूखने पुन्हा लिहिली. मग त्याला चिखलाच्या विहिरीत सोडलं. शहर पडलं, तो म्हणाला होता तसंच, तरीही लोकांनी ऐकलं नाही, त्यालाच ओढून मिसरात (इजिप्तमधे) घेऊन गेले आणि तिथे बायकांनी त्याला तोंडावर सांगितलं की आम्ही आकाशराणीला धूप जाळणार म्हणजे जाळणार. तिथे त्याची गोष्ट संपते. पुढे काही नाही. भाच्याच्या हिशेबात बसवायचा तर यिर्मयाचा विश्वास कमी पडला म्हणायला पाहिजे. आणि येशूचं? पाच हजार जेवले, दुसऱ्या दिवशी कठीण बोलला तर बरेच शिष्य सोडून गेले, इतके की त्याने बारा जणांना विचारलं, तुम्हीपण जाता का. स्वर्गारोहणानंतर माडीवर जमले ते एकशेवीसच्या आसपास. आमच्या इथल्या रविवारच्या बाजाराला याहून जास्त माणसं असतात.

यावर भाच्याचं उत्तर आलं, तेही चांगलं होतं हो, मुलगा वाचतो शास्त्र. म्हणाला, आत्या, तू कोळ्यांच्या गावाजवळ राहतेस, लूकचा पाचवा अध्याय विसरलीस का? पेत्राने रात्रभर जाळं टाकलं, काही लागलं नाही, प्रभूने सांगितल्यावर टाकलं तर जाळी फाटायला आली, दोन होड्या बुडायला लागल्या. आज्ञा पाळली की रिझल्ट! मी तो अध्याय पुन्हा काढून बसले. आणि अकराव्या ओवीवर (ओवी म्हणतेय, वचन म्हणायला हवं, जुनी सवय) येऊन थांबले. होड्या किनाऱ्याला लावल्या आणि सगळं सोडून त्याच्यामागे गेले. सगळं म्हणजे ती मासळीपण ना? आयुष्यातली सगळ्यात मोठी रास, दोन होड्या भरून, आणि ती किनाऱ्यावर तशीच सोडून चालते झाले. आमच्या शेजारच्या तांडेलांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, वेडे असतील, निदान लिलाव करून जायचं. त्यांची बोट त्या आठवड्यात दोनदा रिकामी परत आली होती, डिझेल आणि बर्फाचे पैसेसुद्धा सुटले नव्हते, खलाशी पगार मागत होते. मी विचारलं, मग आता? मला वाटलं काहीतरी दर्याबिर्याचं मोठं वाक्य बोलतील. ते म्हणाले, आता काय, जाळं शिवायला बसलोय, सुतळी धरा जरा इकडून.

आमचे जुने पाळकसाहेब असेच होते. एकतीस वर्षं इथे. सायकलवर पाच गावं करायचे, सायकलला जमणार नाही तिथे चालत, पावसात डोक्यावर इरलं आणि शास्त्र प्लास्टिकच्या पिशवीत. मी लहान होते तेव्हापासून बघितलंय. त्यांच्या काळात बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमधे जी नावं आहेत ती बहुतेक आमच्याच घरांतल्या पोरांची, बाहेरून आलेली म्हणाल तर दोन घरं, त्यातलं एक पुढे परत गेलं. ते गेल्यावर त्यांच्या सामानात डायऱ्या निघाल्या, मीच लावून ठेवल्यात. पानोपानी एकच. ‘आज कोणी नाही. घंटा दिली. उपासना घेतली.’ कुठे कुठे ‘आज कोणी नाही, ही आजारी’, म्हणजे एरवी त्यांची बायको तरी असायची समोर, त्या दिवशी तीपण नाही, तरी घंटा दिली आणि उपासना घेतली. कुणासमोर घेतली असेल? एका पानावर फक्त ‘कंटाळा आला’ एवढंच आहे. ते पान मला सगळ्यात जास्त आवडतं. दुसऱ्या दिवशीच्या पानावर परत घंटा आहे.

त्यांच्या मातीला किती गाव लोटलं होतं ते मी इथे लिहिणार नाही, कारण लिहिलं की लोक म्हणतात बघा मिळालंच की शेवटी यश.

आता आमची चूक पण सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारी नुसती कौतुकं करतेय. कितीतरी वर्षं आम्ही उपासना आठ वाजता ठेवली, कारण पहिल्यापासून आठची. आणि वरच्या गावाहून येणारी एसटी सव्वानऊला पोचते. तिकडची तीन घरं हळूहळू यायची बंद झाली आणि आम्ही इथे बसून म्हणत होतो, लोकांची निष्ठा कमी झाली बाई. आम्ही ज्याला निष्ठा म्हणत होतो ते आमचं हट्टीपण होतं. संडे स्कूलमधे मीच ‘ताठ बसा’ सोडून दुसरं काय शिकवलं कुणास ठाऊक. तेव्हा चर्च रिकामं आहे म्हणजे आपण फार विश्वासू आहोत असं समजायचं पण कारण नाही. कधी कधी रिकामं असतं कारण आपण गाडीचं टाइमटेबल बघितलं नाही. आता साडेनऊ केलीय, त्यातलं एक घर परत यायला लागलं, दोन नाही.

माझे वडील होते ना, २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ झालं तेव्हा एक्याऐंशीचे होते. आमची अडतीस हापूसची कलमं, त्यातली एकतीस आडवी. नारळ तर मोजलेच नाहीत. पंचनाम्याला यायला वेळ लागला, आले तेव्हा अण्णा बागेत खड्डे मारून घेत होते. मी म्हटलं अण्णा, कलमाला नीट फळ धरायला पाच-सहा वर्षं, तुम्ही कशाला. रागावले माझ्यावर. जून आहे, कलमं जूनमधेच लावायची असतात, म्हणाले, एवढंच. दोन वर्षांनी ते गेले. आणि आता तुम्हाला वाटत असेल की मी लिहीन की यंदा त्या कलमांना मोहोर आला. नाही आला. वीस लावली होती, माकडांनी शेंडे खाऊन खाऊन चौदा गेली, उरलेल्या सहांना मी जाळी बांधलीय, त्यातलं एक वाळतंय असं दिसतंय. पाणी घालतेच आहे.

भाच्याने हे सगळं वाचून शेवटी लिहिलं, आत्या मग तुम्हाला वाईट नाही वाटत का? वाटतं की. न वाटायला काय झालं. नाताळच्या रात्री अकरा मेणबत्त्या पेटतात आणि बाकीचा खोका कपाटात परत जातो, तेव्हा वाटतं. शास्त्रात हबक्कूक संदेष्टा म्हणतो ना, अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराठायी हर्ष करीन. मला हे वचन म्हणताना ‘तरी’ या शब्दावर दर वेळी जरा अडखळायला होतं. पुढचं मी म्हणते, पण जरा थांबून.

तर संपादकसाहेब, खुलासा छापा वगैरे मी म्हणणार नाही, जागा नसते तुम्हाला. फक्त तुमच्या फोटोग्राफरना एक निरोप द्या. त्यांनी फोटो बुधवारी काढला, मी बाजारातून येताना बघितलं होतं त्यांना, वाटलं कुणी टुरिस्ट असतील. बुधवारी कुलूपच असतं. रविवारी साडेनऊला दार उघडं असतं, घंटा सव्वानऊला, एसटी आली की. चहा असतो नंतर. किल्ली माझ्याकडेच असते, बुधवारी जरी परत आले तरी समोरच्या घरात विचारायला सांगा, उघडून देईन.

आपली,
एक वाचक, ता. दापोली
(नाव छापू नये ही विनंती, भाचा पेपर वाचतो.)